पहिला सिग्नल चालणाऱ्यांसाठी होता

दरवर्षी ६ डिसेंबर जवळ आला की मुंबईत एक ठरलेली कुरकुर सुरू होते. दादरला जाऊ नका, रस्ते बंद आहेत, गाड्या वळवल्या आहेत, शहराची कोंडी झाली आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पदरमोड करून आलेली लाखो माणसे स्टेशनातून उतरून चैत्यभूमीकडे चालत जातात. त्यांच्या चालण्याचे नाव एका वर्गाच्या तोंडी "ट्रॅफिक प्रॉब्लेम" असे असते.

या कुरकुरीला आम्ही आजवर जातीच्या अंगाने उत्तर दिले आहे आणि ते उत्तर चूक नाही. इतर उत्सवांत रस्ता अडला की ती परंपरा ठरते, आमचे लोक चालले की ती गैरसोय होते, हा दुटप्पीपणा कुणापासून लपलेला नाही. पण त्या कुरकुरीखाली आणखी एक गृहीतक दडले आहे आणि ते वर्षाचे ३६५ दिवस काम करते. रस्ता मुळात गाडीचा आहे, चालणारा माणूस त्यावर पाहुणा आहे, त्याने परवानगीने यावे आणि लवकर निघून जावे, असे ते गृहीतक आहे. आमच्या वस्तीतली बाई पहाटे कामाला जाताना चौकात जीव मुठीत धरून रस्ता ओलांडते, तेव्हा हेच गृहीतक तिच्या अंगावर येत असते.

आमचा दावा असा आहे की हे गृहीतक नैसर्गिक नाही. ते गेल्या शंभर वर्षांत घडवले गेले. ते कुणी आणि कसे घडवले हे समजून घेतले, तरच ते बदलता येईल.

लंडन, १८६८

जगातला पहिला वाहतूक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला, ब्रिटिश पार्लमेंटच्या दारात उभा राहिला. तेव्हा मोटार जन्माला यायची होती. रस्त्यावर घोडागाड्या होत्या आणि त्यांच्या गर्दीत पायी चालणारे चिरडले जात होते. जे. पी. नाईट या रेल्वेच्या अभियंत्याने रेल्वेच्या सिग्नलसारखे हात असलेला खांब बनवला. रात्रीसाठी त्यावर गॅसचे लाल आणि हिरवे दिवे होते आणि ते पोलीस शिपाई हाताने चालवत असे.

लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढेच आहे. पायी जाणाऱ्यांना पलीकडे जाता यावे म्हणून गाड्या थांबवायच्या, यासाठी हा सिग्नल लावला होता. लंडनच्या पोलीस आयुक्तांनी काढलेल्या सूचनेतही गाडीवाल्यांना पायी जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेची आठवण करून दिली होती. म्हणजे सिग्नल या यंत्राचा जन्मच चालणाऱ्या माणसासाठी झाला. जानेवारी १८६९ मध्ये गॅसची गळती होऊन त्याचा स्फोट झाला, चालवणारा शिपाई जबर भाजला आणि तो प्रयोग गुंडाळला गेला.

पुढे सिग्नल परत आला तो अमेरिकेत, विजेवर चालणारा. ५ ऑगस्ट १९१४ ला क्लीव्हलँड शहरात तो बसवला गेला. या दोन तारखांच्या मधल्या ४६ वर्षांत रस्त्यावर मोटार आली होती, आणि मोटारीबरोबर तिचे मालक, तिचे कारखानदार आणि त्यांचा पैसाही आला होता.

"गावंढळ" कुणाला म्हटले गेले

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. अमेरिकेतल्या शहरांचे रस्ते बदलायला लागले होते, तो हा काळ. तोपर्यंत रस्ता सर्वांचा होता. त्यावर मुले खेळत, फेरीवाले माल विकत, माणसे हवी तिथून ओलांडत. मोटारी वाढल्या तशी माणसे मरू लागली आणि मरणाऱ्यांत मुले फार होती. लोकांचा राग सुरुवातीला मोटारीवर होता. काही शहरांत मृत मुलांच्या स्मरणार्थ मिरवणुका निघाल्या. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की मोटारीत असे यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या वर, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या वर, पळूच नये. त्यावर मतदान झाले. मोटार विक्रेत्यांनी एकजुटीने विरोधी प्रचार केला आणि तो प्रस्ताव पडला.

त्यानंतर मोटारीच्या हितसंबंधांनी डाव उलटवला. दोष वेगाचा नाही, चालणाऱ्याचा आहे, असा प्रचार सुरू झाला. त्यासाठी "जे-वॉकर" हा शब्द वापरला गेला. त्या काळच्या अमेरिकन बोलीत "जे" म्हणजे खेडवळ, अडाणी, शहराची रीत न कळणारा. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने वाहतुकीचा नियम केला आणि चालणाऱ्याला ठरावीक जागी, ठरावीक इशाऱ्यावरच ओलांडण्याचे बंधन घातले. इतर शहरांनी त्याची नक्कल केली.

साथींनो, ही पद्धत आमच्या ओळखीची नाही का? आधी एका समूहाला अडाणी, बेशिस्त, अस्वच्छ ठरवायचे, मग त्याचा हक्क काढून घ्यायचा आणि वर तो त्याच्याच भल्यासाठी काढला असे सांगायचे. आजही अपघातानंतर पहिला प्रश्न विचारला जातो तो "मध्येच कशाला आला?" असा. गाडी किती वेगात होती, हा प्रश्न नंतर येतो.

गॅरेट मॉर्गन

याच इतिहासात एक नाव आमच्या तरुणांना माहीत असले पाहिजे. गॅरेट मॉर्गन हा कृष्णवर्णीय संशोधक १८७७ मध्ये केंटकी राज्यात जन्मला. त्याचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. शाळा अर्धवट सुटली, पण क्लीव्हलँडमध्ये शिवणयंत्रे दुरुस्त करता करता तो उद्योजक झाला. धुरात श्वास घेता यावा म्हणून त्याने मुखवटा बनवला. तो विकताना मात्र आपण कृष्णवर्णीय आहोत हे त्याला लपवावे लागले, कारण गोरे गिऱ्हाईक घेईना.

२० नोव्हेंबर १९२३ ला मॉर्गनला वाहतूक सिग्नलचे पेटंट मिळाले. पहिला सिग्नल त्याचा नव्हता, हे आम्ही स्पष्ट करतो. उत्साहाच्या भरात चुकीचे दावे करून आमची बाजू भक्कम होत नाही. त्याच्या सिग्नलचे वेगळेपण असे, की "थांबा" आणि "जा" यांच्या जोडीला त्यात तिसरी स्थिती होती, चारही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी थांबवणारी. त्या वेळात चौक मोकळा होई आणि चालणाऱ्याला निर्धास्त पलीकडे जाता येई. शहरातल्या दुसऱ्या दर्जाच्या नागरिकाने बनवलेल्या यंत्रात काही क्षण सगळ्यांना सारखे थांबवण्याची सोय होती.

हीच कल्पना १९५० च्या दशकात हेन्री बार्न्स या वाहतूक अभियंत्याने डेन्व्हर शहरात मोठ्या प्रमाणावर राबवली. सगळ्या गाड्या थांबतात आणि माणसे हवी तशी, तिरकीसुद्धा, चौक ओलांडतात. टोकियोचा शिबुया चौक आज त्यासाठीच प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसलाही तसे तिरके क्रॉसिंग आले. अमेरिकेत मात्र गाड्यांना उशीर होतो म्हणून पुष्कळ ठिकाणी ही पद्धत मागे पडली.

त्याच वर्षांत इथे

हे सगळे तिकडे चालू असताना आमच्याकडे रस्त्याचा प्रश्न काय होता? गाडी थांबते की नाही हा प्रश्न फार पुढचा होता. माणसाने रस्त्यावर यावे की नाही, हाच प्रश्न होता.

पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या "जातिनिर्मूलन" या न झालेल्या भाषणात नोंदवले आहे. त्रावणकोरमध्ये पुलयांना सार्वजनिक रस्त्याची बंदी होती. १८९३ मध्ये अय्यंकाली बैलगाडीत बसून त्या रस्त्यावरून गेले आणि त्यासाठी मारामारीला तोंड दिले. ३० मार्च १९२४ ला वैकोमचा सत्याग्रह सुरू झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढीच मागणी होती. वीस महिने झगडून तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा नाही.

मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा सार्वजनिक ठिकाणे खुली करण्याचा ठराव मंजूर झाला. सिनसिनाटीचे मतदान आणि मॉर्गनचे पेटंट याच वर्षाचे. त्या ठरावाच्या बळावर २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे गावातून चालत चवदार तळ्यावर गेली. पाणी पिण्याआधी ती माणसे रस्त्यावरून रांगेने, शिस्तीत चालली होती. महाडचा सत्याग्रह पाण्याचा होता, तसाच तो चालण्याचाही होता.

म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या बरोबरीने "रस्ते" हा शब्द आला आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही सार्वजनिक रस्त्याच्या वापरापासून रोखता येणार नाही. रस्ता हा आमच्या मूलभूत हक्कांच्या यादीत आहे.

इथे आम्ही सावधपणे बोलू इच्छितो. चौकातला सिग्नल आणि अस्पृश्यता एकच आहेत असे म्हणणे म्हणजे आमच्या पूर्वजांच्या यातना स्वस्त करणे होईल. सिग्नल कुणाची जात विचारत नाही. ब्राह्मण चालत असेल तर त्यालाही धोका आहे आणि गाडीत बसलेल्या बौद्धालाही हिरवा दिवा मिळतो. पण ज्या व्यवस्थेने शतकानुशतके संपत्ती एका बाजूला आणि श्रम दुसऱ्या बाजूला ठेवले, तिथे गाडीत कोण आणि पायी कोण हे योगायोगाने ठरत नाही. २०११ च्या जनगणनेने शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणारे कामाला कसे जातात हे मोजले, तेव्हा पायी जाणारे सुमारे २३ टक्के निघाले आणि चारचाकीने जाणारे ३ टक्क्यांच्या आसपास. आणि पहाटे वाहत्या रस्त्याच्या मधोमध झाडू घेऊन उभा असलेला कामगार कोणत्या समाजाचा असतो, हे सांगायला जनगणनेची गरज नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते, म्हणजे दिवसाला जवळपास ९०. त्यांचे वय आणि लिंग नोंदवले जाते. त्यांची जात आणि मिळकत कुणी नोंदवत नाही.

सेकंदांचे गणित

आता चौकात येऊ. सिग्नल म्हणजे वेळेचे वाटप. एका फेरीत जेवढे सेकंद आहेत तेवढेच सगळ्यांत वाटायचे आहेत. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होतात. म्हणून हा प्रश्न तांत्रिक दिसत असला तरी मुळात प्रतिनिधित्वाचा आहे. वाटप करताना कुणाची मोजदाद झाली?

१९५८ मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी सिग्नलची वेळ ठरवण्याचे सूत्र मांडले. जगभर ते शिकवले जाते, आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही. चौकातल्या वाहनांचा एकूण खोळंबा कमीत कमी व्हावा, हे त्या सूत्राचे ध्येय आहे. शब्द नीट वाचा, वाहनांचा खोळंबा. वाहने मोजायचे एककही मोटारीवरून ठरले आहे. बस म्हणजे इतक्या मोटारी, सायकल म्हणजे मोटारीचा इतका अंश. बसमध्ये ५० माणसे असली तरी तिने रस्त्यावर व्यापलेली जागाच हिशेबात येते. चालणाऱ्याला तर या मापात आकडाच नाही. खोळंबा मोटारीचा होतो, माणूस फक्त "उभा असतो".

दुसरे गणित फेरीच्या लांबीचे. दिवा बदलताना दरवेळी काही सेकंद वाया जातात. चार टप्प्यांच्या चौकात दर टप्प्याला चार सेकंद धरले, तर एका फेरीत १६ सेकंद गेले. फेरी ६० सेकंदांची असेल तर हा चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ झाला. फेरी १६० सेकंदांची केली तर तो दहावा हिस्सा उरतो. म्हणून गर्दीच्या चौकात फेरी लांबवण्याकडे कल असतो. त्यात गाड्यांचा फायदा आहे. चालणाऱ्याला मात्र दोन-दोन मिनिटे उन्हात उभे राहावे लागते. वाहतूकशास्त्राचेच निरीक्षण आहे की अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावे लागले की माणूस अधीर होतो आणि लाल दिव्यातच रस्ता ओलांडू लागतो. मग त्याला बेशिस्त म्हणायला सगळे मोकळे.

तिसरे गणित चालीचे. ओलांडण्याचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे साधारण धरतात. २४ मीटर रुंद रस्ता म्हणजे २० सेकंद. पण डोक्यावर गाठोडे घेतलेली आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर २० सेकंदांत ती १६ मीटरवर पोचते. तिचे ८ मीटर बाकी असतात आणि समोरच्या गाड्यांना हिरवा मिळतो. तो १.२ चा आकडा कुणाच्या पायांचा आहे? धडधाकट, मोकळ्या हातांच्या, ओझे नसलेल्या माणसाचा. आमची आजी, पोटुशी बाई, काठी घेतलेला माणूस, पाठीवर दप्तर घेतलेले पोर त्या आकड्यात नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एक मूल्य देऊ, पण सामाजिक-आर्थिक जीवनात प्रत्येक माणसाला एक मूल्य नाकारत राहू. चौकातल्या सेकंदांचे वाटप हा त्या विसंगतीचा रोज दिसणारा नमुना आहे.

समोरच्याचा मुद्दा

आमच्यावर आक्षेप येईल की तुमचे ऐकले तर शहर ठप्प होईल. या आक्षेपात खरे किती ते पाहिले पाहिजे. गाड्या अडकल्या की रुग्णवाहिका आणि बसही अडकते, आणि बसमध्ये आमचेच लोक असतात. प्रत्येक चौकात मॉर्गन-बार्न्ससारखी सगळ्यांना थांबवणारी वेळ ठेवली तर बसच्या प्रवाशाचे नुकसान होईल. हे आम्हाला मान्य आहे. म्हणून "गाडी हटवा" ही आमची मागणी नाही. आमची मागणी मोजणीची आहे. वाहने मोजू नका, माणसे मोजा. ५० माणसांच्या बसला ५० चे वजन द्या, एकट्या माणसाच्या मोटारीला एकाचे, आणि पायी उभ्या माणसालाही एकाचे. मग जो हिशेब निघेल तो आम्हाला मान्य आहे.

असा हिशेब केला की उपाय चौकागणिक वेगळे निघतील. स्टेशन, बाजार, शाळा, दवाखाना यांच्यासमोर सगळ्यांना थांबवणारी वेळ योग्य ठरेल. इतरत्र फेरी आखूड करणे, गाड्यांच्या आधी काही सेकंद चालणाऱ्याला हिरवा देणे, रुंद रस्त्याच्या मध्ये थांबायला उंच कट्टा देणे, "फ्री लेफ्ट" बंद करणे यांनी काम भागेल. फ्री लेफ्टमुळे चालणाऱ्याच्या हिरव्या दिव्यातही गाड्या वळत राहतात. म्हणजे त्याला निर्धोक असा एकही सेकंद मिळत नाही.

याउलट आमच्याकडे लोकप्रिय झालेला उपाय म्हणजे माणसालाच वर उचलणे. २००८ मध्ये वांद्रे पूर्व ते कलानगर स्कायवॉक उभा राहिला आणि मग मुंबई परिसरात त्यांची रांग लागली. गर्दीच्या स्टेशनाबाहेर त्याचा उपयोग होतो, हे खरे. पण गाडीचा वेग कमी होऊ नये म्हणून म्हातारीने दोन मजले चढायचे, हा कोणता न्याय? जमीन गाडीला आणि जिना माणसाला, असे हे वाटप आहे.

एक सापळा

पादचाऱ्याच्या नावाने आणखी एक खेळ चालतो, त्यापासून आमच्या कार्यकर्त्यांनी सावध राहावे. फुटपाथ मोकळा करा म्हटले की महापालिकेची गाडी पहिल्यांदा भाजीवालीच्या टोपलीवर आणि झोपडीवर जाते. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण फुटपाथ चालण्यासाठी आहे म्हणून तिथल्या झोपड्या हटवायला परवानगीही दिली. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हा कलम २१ खालचा हक्क असल्याचे सांगितले. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण त्याची अंमलबजावणी फुटपाथवर चढवलेल्या मोटारीपासून सुरू झाली पाहिजे, २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिलेल्या फेरीवाल्यापासून नव्हे. गरीब चालणाऱ्याला गरीब विकणाऱ्याशी झुंजवणे हा जुनाच डाव आहे.

घड्याळ घेऊन चौकात जा

हॉलंडमध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि "मुलांच्या हत्या थांबवा" या नावाने चळवळ उभी राहिली. आज जे डच रस्ते आदर्श म्हणून दाखवतात, त्यांमागे ती चळवळ आहे.

आम्ही आमच्या तरुणांना एक काम देतो. आपल्या वस्तीजवळच्या चौकात सकाळी कामाच्या वेळी एक तास उभे राहा. मोबाइलच्या घड्याळावर तीन गोष्टी मोजा. चालणाऱ्याला किती सेकंद थांबावे लागते, ओलांडायला किती मिळतात आणि वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला किती लागतात. किती माणसे पायी गेली तेही लिहा. मग माहितीच्या अधिकारात विचारा की या चौकाच्या सिग्नलची वेळ कोणत्या मोजणीवरून ठरली आणि त्या मोजणीत पायी चालणारे होते का. उत्तर घेऊन वॉर्ड ऑफिसात आणि वाहतूक शाखेत जा. आपल्या नोंदी समोर ठेवा आणि सेकंद मागा. दहा सेकंद वाढवून मिळाले तरी ते कुणाच्या तरी आजीचे शेवटचे आठ मीटर आहेत.

येत्या ६ डिसेंबरला कुणी म्हणेल की तुमच्यामुळे रस्ता अडला. तेव्हा शांतपणे सांगा, आम्ही रस्ता अडवलेला नाही, आम्ही तो वापरतो आहोत. १८६८ मध्ये पहिला सिग्नल लागला तो चालणाऱ्यासाठी, आणि १९२७ मध्ये आमचे पूर्वज महाडच्या रस्त्यावरून चालले ते आमच्यासाठी.

जय भीम! जय संविधान!